सावल्या पुसून जाणे

सोमवार, ४ तारीख

आज नोकरीवर रुजू झाले. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी आयुष्यातली पहिली नोकरी, आणि तीही दिवसभर खेळ खेळायची. शेजारच्या काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आई गेल्याचा धक्का मला जरा उशिराने बसला होता.

खोली चांगली मिळाली. तिसरा मजला, एक खिडकी, एक पलंग, एक खुर्ची. औषधांचा वास नाही. सकाळी उठल्या उठल्या कुणाची कूस बदलून द्यायची नाही. कुलपात किल्ली तीनदा उगाचच फिरवून पाहिली. ही वही येतानाच घेतली, चौकटीची, लहानपणी घ्यायचे तशी. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं की मी खूश आहे. कुणी विचारलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. माणसं इनमिन पाच. त्यांतले मुख्य म्हणजे थोरले. सत्तरीचे आहेत, हळू बोलतात, आणि तीस वर्षांपूर्वी त्यांनीच एकट्याने 'चौसष्ट दारं' हा खेळ बनवला. माझ्या शेजारी आवाजवाली बसते. खेळातल्या दारांचे, पावलांचे आवाज ती तयार करते. दिवसभर कानांवर हेडफोन, त्यामुळे ती ओरडून बोलते आणि आपण कुजबुजतोय असं तिला वाटतं.

खेळ अगदी साधा. पडद्यावर आपण स्वतः दिसत नाही, आपल्या डोळ्यांना दिसेल तेवढंच दिसतं. रिकामी खोली, बंद दार, एक कोडं. कोडं सुटलं की पुढची खोली. बंदुका नाहीत, राक्षस नाहीत, कसली घाई नाही. तरी तीस वर्षांनंतरही लोक नकाशे काढून पाठवतात, एकमेकांशी भांडतात आणि पुन्हा पहिल्या खोलीपासून सुरुवात करतात. आता नवी आवृत्ती निघणार आहे. सगळ्या खोल्या पुन्हा पुन्हा खेळून चुका शोधायच्या, हे माझं काम. थोरल्यांनी मुलाखतीत एकच विचारलं, की हा खेळ तुम्ही किती वेळा पूर्ण केलात. मी म्हटलं, मोजलं नाही. त्यावर ते म्हणाले, सोमवारपासून या.

भिंतीवर एकच पाटी आहे. दिवे-पंखे बंद करण्याबद्दल नाही. तिच्यावर लिहिलंय, 'सावल्या पुसून जाणे'.

मंगळवार, ५ तारीख

पाटीचा अर्थ मला लगेच कळला, पण हा खेळ न खेळलेल्याला सांगावाच लागेल.

दारापासून वीस पावलांवर जमिनीत एक चौकोनी दगड असतो. त्यावर उभं राहिलं की दार उघडतं, उतरलं की मिटतं. मग एकट्या माणसाने बाहेर जायचं कसं? तर एक बटण दाबून आपली सावली दगडावर सोडायची. राखाडी, बिनचेहऱ्याची, आपल्याच उंचीची. ती उभी राहते, आपण निघून जातो. आपण दारात असताना ती दगडावरून निघालीच, तर दार मिटतं, आपण आत अडकतो आणि मुकाट्याने परत दगडावर यावं लागतं.

प्रत्येक खोलीत दगडाजवळ एक टेबल आणि त्यावर चौकटीची कोरी वही असते. तिचं काहीही करता येत नाही. ती कशासाठी, यावर लोकांनी तीस वर्षं डोकेफोड केली आहे. आज थोरल्यांना विचारलं. ते म्हणाले, टेबल रिकामं वाईट दिसत होतं.

आम्ही खेळायचो तेव्हा माउस ताईच्या हातात असायचा आणि नकाशाची वही माझ्या. मी अकरा वर्षांची, ती पंधराची. खोलीत शिरली की ती आधी छत बघायची, मग डावा कोपरा, मग बाकीचं. कधी चुकली नाही. कॉम्प्युटर बिघडला की तोच खेळ आम्ही घरात खेळायचो. ताई मला एका फरशीवर उभं करायची आणि बजावायची, हललीस तर दार बंद होईल. एकदा ती अशी गेली ती मैत्रिणीकडेच रमली. आई कामावरून यायची वेळ होईपर्यंत मी फरशीवर उभी. चार तास. ताई परत आल्यावर खूप हसली होती, आणि मीही हसले होते.

पुढे ती शिकायला गेली. तू जरा थांब, दोन वर्षांत तुला घेऊन जाते, असं म्हणाली होती. पुढे तिला तिकडेच नोकरी लागली, आणि इकडे आई अंथरुणाला खिळली ती एकोणीस वर्षं. ताई फोनवरून डॉक्टर बदलायला सांगायची. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं. आई गेल्यावर तीन दिवस आली आणि चौथ्या दिवशी तिने काढता पाय घेतला. माझ्याकडे एकदा नीट पाहिलंसुद्धा नाही.

तिला माफ करायचं नाही. एवढी एकच गोष्ट मी स्वतःसाठी राखून ठेवली आहे.

शुक्रवार, ८ तारीख

इथे साडेपाचला एक रिवाज आहे. थोरले उठतात, टेबलाटेबलाशी जातात आणि प्रत्येकाला विचारतात, पुसल्या का. दिवसभरात ज्या खोल्या उघडल्या असतील त्यांतल्या सावल्या एक बटण दाबून पुसायच्या. न उघडलेल्या खोल्यांवर ते बटण चालत नाही. सावल्यांमुळे मशीन मंद होतं का, असं मी विचारलं. थोरले म्हणाले, मशीनला काही होत नाही.

ते गेल्यावर आवाजवालीने मला आधीच्या बाईची गोष्ट सांगितली. ती याच खुर्चीवर बसायची. एक नंबरची खडूस, कुणाशी धड बोलायची नाही. एकदा पुसायला विसरली. त्यानंतर हळूहळू बदलली, इतकी गोड झाली की सगळ्यांना चहा करून द्यायला लागली. एक दिवस हसत हसत नोकरी सोडून गेली. हे सगळं आवाजवालीने कुजबुजत सांगितलं, म्हणजे खालच्या चष्मेवाल्यानेही ऐकलं असणार.

मी म्हटलं, पुसायला विसरून माणूस गोड होत असेल तर मलाही विसरायला हवं. ती हसली नाही.

सोमवार, ११ तारीख

एकतिसाव्या खोलीत एक चूक सापडली. आधीच्या बाईनंतर ती खोली कुणी उघडलीच नव्हती. आत गेले तर दगडावर आधीच एक सावली. माझी नव्हे, माझ्यापेक्षा वीतभर बुटकी. सावल्या दगडासारख्या स्थिर असतात. ही मात्र या पायावरचा भार त्या पायावर घेत होती, एसटीच्या रांगेतल्या बाईसारखी.

टेबलावरची वही कोरी नव्हती. पानं भरलेली होती. जवळ जाऊन वाचायचा प्रयत्न केला, अक्षरं फार बारीक. शेवटच्या ओळीतले दोनच शब्द लागले: पाय दुखतात.

मी चुकांच्या यादीत नीट नोंद केली. सावली हलते, वहीत मजकूर दिसतो. थोरल्यांनी ती नोंद वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि म्हणाले, आज आठवणीने पुसा. साडेपाचला मी पुसल्या. पुन्हा खोली उघडून पाहिली तर दगड मोकळा, वही कोरी. चूक मिटली म्हणून खेळाचा प्रोग्राम लिहिणाऱ्या कोडवाल्याने शाबासकीही दिली.

गुरुवार, १४ तारीख

थोरले आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. मी शेवटच्या, चौसष्टाव्या खोलीत होते. सावली दगडावर सोडली, दारातून निघाले आणि तेवढ्यात फोन वाजला. ताई. अकरा महिन्यांनी.

पुढच्या शुक्रवारी पाचला येते म्हणाली. तुझं ऑफिस बघायचंय, तो खेळ बघायचाय. मला तुझ्याशी बोलायचंय, जे आधीच बोलायला हवं होतं ते, असं म्हणाली. मी फक्त बरं म्हटलं. एकोणीस वर्षं या फोनची वाट पाहिली आणि तोंडातून निघालं काय, तर बरं.

मशीन बंद केलं, पर्स उचलली, निघाले. जिन्यात आठवलं की पुसायचं राहिलं. वर जायचा कंटाळा आला. एका रात्रीने काय होणार आहे.

तिला काय काय ऐकवायचं त्याची मनात यादी केली. ती रडली तरी मी पाघळणार नाही.

शनिवार, १६ तारीख

काल ऑफिसात पहिल्या वीस खोल्या तपासायच्या होत्या, त्यामुळे चौसष्टाव्या खोलीत जाणं झालं नाही.

आज सकाळी दात घासताना एक विचित्र प्रकार झाला. मी बेसिनपाशी होते, आणि मग नव्हते. एका राखाडी खोलीत उभी होते. पायाखाली गार दगड, समोर उघडं दार. भानावर आले तेव्हा खाली दुकानासमोर भाजी निवडत होते, आणि भाजीवाली माझ्या कुठल्यातरी बोलण्यावर हसत होती. मी काय बोलले ते मला माहीत नाही. वीस मिनिटं गेली होती.

दमले असेन. पाय मात्र खरोखर दुखतायत.

सोमवार, १८ तारीख

सकाळी दहा ते एक मी दगडावर उभी होते. खाली उतरता येत नाही. पाय उचलावासा वाटतो, पण ताईने बजावल्यासारखं काहीतरी आतून म्हणतं, हललीस तर.

एकला परत खुर्चीत. टेबलावर तीन तासांचं काम माझ्याच अक्षरात. एकोणिसाव्या खोलीसमोर शेरा आहे: 'काय सुंदर खोली आहे ही!' मी आयुष्यात कुठे उद्गारचिन्ह दिलेलं नाही.

आवाजवाली म्हणाली, आज तू केवढं हसवलंस आम्हाला. सगळ्यांना चहाही दिलास.

फोन पाहिला. सकाळी ताईला केलेला फोन, चाळीस मिनिटांचा. मी तिच्याशी चाळीस मिनिटं काय बोलले?

मंगळवार, १९ तारीख

थोरल्यांना गाठलं. सगळं सांगितलं, सावली पुसली नाही हेही. त्यांना आश्चर्य वाटलं नाही याचाच मला जास्त राग आला.

ते म्हणाले, दारातून जातो तो नवा. दगडावर राहतो तो जुना. नव्याला उभं राहिल्याचं आठवत नाही, त्याला फक्त हलकं वाटतं. त्याच दिवशी पुसलं तर जुना दोन-चार तासांचाच असतो, त्याला काही कळायच्या आत जातो. रात्रभर राहिला तर तो मुळं धरतो, आणि जे जड आहे ते सगळं त्याच्याकडे जातं. मग दोघांत ओढाताण होते. नवा जिंकतो.

मी म्हटलं, तीस वर्षं लोक हा खेळ घरी खेळतायत, ते कुठे पुसतात. ते म्हणाले, पुसत नाहीत. म्हणून तर परत परत येतात. आपलं काहीतरी आत राहिलंय असं त्यांना वाटत राहतं. पत्रांत तसंच लिहितात, आणि आम्ही ती पत्रं जाहिरातीत छापतो.

मग मी सुटायचं कसं. ते म्हणाले, दगडावर दुसरं कुणी आलं तर. खेळताना माणूस सबंध आत असतो, म्हणून हाक मारली तरी ऐकू जात नाही. असं कुणी आत अडकलं, दगडावर आलं, तर पहिल्याला त्या दारातून जाता येतं. आणि पुसताना बटण नावं विचारत नाही. त्या वेळी दगडावर जो असेल तो जातो.

एकतिसाव्या खोलीतली ती बाई. मी शाबासकी घेतली.

थोरल्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, आज चौसष्टावी पुसू का, त्रास होणार नाही. मी त्यांचा हात झटकला.

बुधवार, २० तारीख

दुपारपर्यंत दगडावर. नंतर घरी तासभर मोकळी, तेवढ्यात हे लिहिते.

ताईला फोन करून येऊ नकोस म्हणणार होते. फोन हातात घेतला तर तिचा निरोप आधीच आलेला. परवा नक्की येते, तू बोललीस त्याने किती बरं वाटलं म्हणून सांगू.

मी बोलले नाही. मी—

पुन्हा पाय गार पडतायत. आईची कूस बदलताना कंबर भरून यायची, तशी आता पोटरी. तेव्हा निदान आई होती.

गुरुवार, २१ तारीख

परत गेलेच नाही. सकाळ झाली ती इथेच, दगडावर.

वही मात्र इथे आहे. दगडावरून हात लांब केला की टेबल येतं. पहिलं पान उघडलं. सोमवार, ४ तारीख. आज नोकरीवर रुजू झाले. सगळं माझ्या अक्षरात.

टेबल रिकामं वाईट दिसत होतं, असं म्हणाले होते.

भिंतीपलीकडून आवाजवाली ऐकू येते. तिचं कुजबुजणं तीस वर्षांच्या भिंतीतूनही येतं. ती कुणालातरी सांगते आहे की नवी बाई काय गोड झाली आहे.

ही खोली आज कुणी उघडली नाही. म्हणून मी अजून आहे.

शुक्रवार, २२ तारीख

ताई आली. तिचा आवाज ओळखू आला. आवाजवालीने तिला खुर्ची दिली.

—

ती रडते आहे. म्हणते आहे, मी तुला तिथे उभं करून निघून गेले. दोन वर्षं म्हणाले आणि मागे वळून पाहिलं नाही. तुझ्याकडे बघायची हिंमत नव्हती गं.

अगदी हेच शब्द. एकोणीस वर्षं याच शब्दांसाठी. आणि ते ऐकायला तिथे ती नवी बसली आहे.

—

ती म्हणाली, जाऊ दे गं ताई, झालं गेलं.

माझ्या आवाजात. इतक्या सहज. मी असं कधीच म्हटलं नसतं. माझ्याकडे तेवढं एकच होतं आणि तिने ते असं देऊन टाकलं, चहा दिल्यासारखं.

ताईला फरक कळला नाही. आपल्या बहिणीत काय बदललं ते तिला कळलं नाही. मी ओरडले. माझा मला आवाज आला नाही.

—

ताई म्हणते आहे, ती शेवटची खोली दाखव ना. आपली ती अर्धीच राहिली होती. माउस मला दे.

ती हसून म्हणाली, घे की.

—

खोली उघडली. उजेड वाढला.

पावलं. खेळणाऱ्याला इथे अंग नसतं, चेहरा नसतो. फक्त पावलं, आवाजवालीने केलेली. दारापाशी थांबली. आधी छत. मग डावा कोपरा.

ताईच.

—

माझ्यासमोर थांबली आहे. मला राखाडी, बिनचेहऱ्याची बघते आहे. बाहेर कुणाला तरी म्हणाली, अरे, इथे आधीच कुणीतरी उभं आहे, मग माझं सोपंच झालं.

सोपंच झालं.

—

बाहेर थोरल्यांची खुर्ची सरकली. साडेपाच. पहिलं टेबल. पुसल्या का. हो.

पावलं वळली. दाराकडे निघाली. वीस पावलं. मला तोंडपाठ आहेत.

पाच.

ती मागे वळून बघत नाहीये. एकदा बघितलं तर मी— एकदाच बघ गं—

दहा.

दुसरं टेबल. पुसल्या का. हो.

दगडावर जो असेल तो जातो. मी फरशीवर उभी होते तेव्हा ती चार तासांनी तरी परत आली होती. केस विस्कटलेले, दम लागलेला. खूप हसली आणि मग मला उचलून आत नेलं होतं, पाय चेपून दिले होते. हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. आत्ता का आठवावं.

पंधरा.

तिसरं टेबल माझं. थोरले तिथे उभे राहिलेत. ती म्हणते आहे, हो, पुसतेच, ताईचं एवढं होऊ दे.

अठरा.

ताई दारात आहे. हलले तर दार बंद होईल. मग दगडावर ती असेल, नाहीतर मी. माझा डावा पाय